कापलेल्या रफारापासून रिलीझपर्यंत: एका ग्राफिक्स लायब्ररीत काम करताना

‘फोर्क करा (प्रकल्पाची आपली प्रत घ्या), बदल करा, पुल रिक्वेस्ट पाठवा (बदल मूळ प्रकल्पात घ्यायची विनंती करा)’ एवढं सांगून ओपन सोर्सवरचे बहुतेक लेख थांबतात. ग्राफिक्स लायब्ररीत, म्हणजे चित्रं काढणाऱ्या तयार कोडच्या संचात, खरा वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. कोड पाच-पंचवीस ओळींचा असतो. तो बरोबर आहे हे दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या फॉन्टसकट दाखवून देणं हे खरं काम. सिंधुदुर्गात बसून, पावसाळ्यातल्या इंटरनेटवर मी हे पहिल्या तक्रारीपासून रिलीझच्या जबाबदारीपर्यंत केलं. कुठे काय अडतं आणि कुठे नुसतं थांबावं लागतं, ते क्रमाने लिहितो.

लायब्ररी छोटी आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत चित्रांसाठी पिलो ही लायब्ररी वापरतात. ही लायब्ररी पिलोवर बसते आणि ठरलेल्या चौकटीत मजकूर मांडून देते: ओळी तोडते, मजकूर मधोमध आणते, मावत नसेल तर अक्षर लहान करते. नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही लायब्ररीला लागू पडतं.

चूक दिसली ती लेबलावर

२०२२चा पावसाळा. वेंगुर्ल्याकडच्या एका घरगुती उद्योगाला कोकम आगळ, आंबापोळी आणि काजूची लेबलं हवी होती. थर्मल प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. ५० बाय २५ मिलिमीटरचं लेबल म्हणजे ४०० बाय २०० ठिपक्यांचं चित्र. त्यात मालाचं नाव, पत्ता, वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बसवायचा. पहिला नमुना हातात घेऊन मालकीणबाईंनी विचारलं, “सिंधुदुर्गाचो रफार खंय गेलो?”

रफार वरून कापला गेला होता. नीट पाहिल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. ‘किनाऱ्यावरची’ हा शब्द ‘किनाऱ्’ आणि ‘यावरची’ असा दोन ओळींत तुटला होता. आणि मधोमध आणलेली ओळ दर वेळी थोडी डावीकडे सरकलेली होती. इंग्रजी मजकुराला यातलं काहीच होत नव्हतं.

इथे घाईने तक्रार नोंदवू नये. चित्रावर मराठी उमटेपर्यंत मजकूर बऱ्याच हातांतून जातो. फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे नियम असतात. हार्फबझ ते नियम लावून कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या ते ठरवतं. फ्रिबिडी मजकुराची दिशा बघतं. या दोघांना एकत्र वापरणारी रक्म नावाची लायब्ररी आहे. फ्रीटाइप आकृत्यांचे ठिपके करतं. त्यांच्यावर पिलो आणि सगळ्यात वर आपली लायब्ररी. चूक कुठल्या थरात आहे हे न शोधता वरच्या थराकडे गेलात, तर ‘हे आमचं नाही’ एवढं उत्तर येतं आणि आठवडा फुकट जातो.

शोधायची पद्धत सोपी आहे. हार्फबझबरोबर ‘एचबी-व्ह्यू’ आणि ‘एचबी-शेप’ नावाच्या दोन कमांड मिळतात. पहिलीला फॉन्टची फाइल आणि मजकूर दिला की ती चित्र काढून देते. दुसरी आकृत्यांची नावं आणि प्रत्येकीची रुंदी छापते. तिथेच अक्षर चुकत असेल तर दोष फॉन्टचा किंवा हार्फबझचा. तिथे बरोबर असेल तर एक पायरी वर या: त्याच फॉन्टने, तोच शब्द नुसत्या पिलोने काढा. तिथेही बरोबर आला तर मगच आपल्या लायब्ररीकडे बोट दाखवा. आमच्या बाबतीत ‘सिंधुदुर्ग’ पिलोपर्यंत शाबूत होता.

पिलोच्या पायरीवर एक खाचखळगा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस पडतो. पिलोत मजकूर मांडायची दोन इंजिनं आहेत: एक साधं, एक रक्मचं. साधं इंजिन कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक) येतील तसे एकामागून एक ठेवतं. त्यामुळे ‘रत्नागिरी’तली पहिली वेलांटी ‘ग’च्या पुढे जाऊन ‘र’ला चिकटते आणि ‘त’चा मोडलेला पाय उघडा दिसतो. ८.२.० पासून पिलोच्या व्हीलमध्ये, म्हणजे बांधून तयार पॅकेजमध्ये, रक्म आतच असतं, पण फ्रिबिडी नसतं, ते मशीनवर असावं लागतं. लिनक्सवर ते बहुधा आधीच आलेलं असतं. विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल स्वतः आणून योग्य जागी ठेवावी लागते. नसेल तर पिलो काही न बोलता साध्या इंजिनावर जातं. यावर माझा उपाय असा: मजकूर काढताना भाषा म्हणून ‘एमआर’ (मराठीचा कोड) द्यायचीच. रक्म नसेल तर पिलो तिथेच एरर देतं, की दिशा, भाषा आणि फॉन्ट फीचर रक्मशिवाय चालत नाहीत. गुपचूप तुटलेलं लेबल छापण्यापेक्षा ही एरर परवडली. शिवाय भाषा दिली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. पिलोचा स्वतःचा रिपोर्ट चालवला की रक्म, फ्रिबिडी, हार्फबझ आणि फ्रीटाइप आहेत की नाहीत आणि कुठल्या आवृत्तीचे, हे एका पानात दिसतं.

मशीन तयार करणं

दुरुस्तीसाठी लायब्ररी सोर्समधून चालवावी लागते. आमची लायब्ररी शुद्ध पायथनची, त्यामुळे नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरती वेगळी ठेवलेली पायथनची जागा) करून ‘एडिटेबल’ पद्धतीने, म्हणजे कोड बदलला की लगेच लागू होईल अशी, इन्स्टॉल केली की झालं. पिलोसुद्धा सोर्समधून बांधायचं असेल तर झेडलिब आणि जेपेगच्या हेडर फाइल्स हव्यातच, त्यांच्याविना बांधणी थांबते. फ्रीटाइप, हार्फबझ, फ्रिबिडी यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस नसली तर बांधणी पूर्ण होते, पण मजकुराची सोय अर्धवट राहते. बांधणी यशस्वी झाली म्हणून खूश न होता लगेच रिपोर्ट चालवून बघा.

कोकणात राहणाऱ्यांसाठी खास सूचना: गिट क्लोन, म्हणजे प्रकल्पाची इतिहासासकट प्रत उतरवणं, अर्ध्यात तुटलं तर ते पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. ग्राफिक्सच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) चाचणीच्या चित्रांमुळे जुना इतिहास जड असतो. म्हणून आधी ‘डेप्थ १’ देऊन फक्त शेवटची अवस्था उतरवा आणि लाइन बरी असेल तेव्हा, बहुधा पहाटे, ‘अनशॅलो’ करून उरलेला इतिहास आणा. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस दीडेक हजारात येतो. या सगळ्या प्रकरणात खिशातून गेलेला मोठा खर्च तेवढाच. गिटहबवर, जिथे असे प्रकल्प ठेवतात, सार्वजनिक प्रकल्पांना चाचण्यांची नेहमीची यंत्रं फुकट मिळतात, पायपीआय या पायथन पॅकेजच्या भांडारात पॅकेज ठेवायलाही पैसे पडत नाहीत.

तक्रार लिहिणं, आणि थांबणं

आधी जुन्या तक्रारी चाळल्या, बंद झालेल्यासुद्धा. थाई लिपीबद्दल जवळपास अशीच एक तक्रार होती, अर्धवट चर्चेनंतर पडून राहिलेली. नव्या तक्रारीत तिचा दुवा दिला.

तक्रारीत चार गोष्टी असाव्यात: काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि ऑपरेटिंग सिस्टीम, पायथन, पिलो यांच्या आवृत्त्या. मजकूर फोटोत पाठवू नका, टाइप करून द्या आणि त्याचे कोडपॉइंटही लिहा. मराठीत याला कारण आहे. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ, म्हणजे यू+०९३१, आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. दिसायला सारखंच, पण मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना तो जॉइनर गळला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. चाचणीसाठी ही जोडी उत्तम. आणखी एक: एनएफडी या, अक्षरं सुटी करणाऱ्या, युनिकोडच्या पद्धतीने सामान्यीकरण झालेल्या मजकुरात ऱ फुटून र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात. मजकूर आत घेतानाच एनएफसी (अक्षरं जोडणारी पद्धत) करून घेतला की ते पुन्हा जुळतात.

फॉन्टचीही चौकशी होते. चाचणीसाठी मायक्रोसॉफ्टचा मंगल जोडता येत नाही, तो मुक्त नाही. नोटो सान्स देवनागरी ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, तो चालतो. पूर्ण फाइल टाकू नका. फॉन्टटूल्समधल्या ‘पायएफटीसबसेट’ने लागणाऱ्या अक्षरांपुरता तुकडा काढा, जोडाक्षरांचे नियम ते आपण होऊन राखतं, पण ऐच्छिक फीचर्स कापतं; तीही हवी असतील तर लेआउटची सगळी फीचर्स राखायला सांगा. लायसन्सच्या मजकुरात राखीव नाव दिलेलं असेल तर कापलेल्या तुकड्याला ते नाव ठेवता येत नाही, नाव बदलावं लागतं. लायसन्सची फाइल फॉन्टशेजारी ठेवायची.

मग कित्येक आठवडे शांतता. असा काळ सगळ्यांच्याच वाट्याला येतो आणि त्यात मन खट्टू होतंच. लायब्ररी सांभाळणारे लोक पगारी नाहीत, त्यांची नोकरी आणि घरदार सांभाळून हे करतात. दर दोन दिवसांनी ‘काही अपडेट?’ विचारून काम पुढे जात नाही. त्या काळात दुसऱ्यांच्या दोन-तीन तक्रारी आपल्या मशीनवर करून पाहिल्या आणि ‘अमुक आवृत्तीवर मलाही होतंय, तमुकवर नाही’ असं लिहिलं. माझ्या तक्रारीवर पहिलं उत्तर आलं ते त्यानंतर.

दुरुस्ती

उत्तरात एकच मागणी होती: तीन चुका, तीन वेगळ्या पुल रिक्वेस्ट.

उंचीची चूक आधी. ओळीची उंची काढण्यासाठी कोड ‘ए’ आणि ‘वाय’ ही इंग्रजी अक्षरं मोजत होता. रोमन अक्षरांना ते पुरतं. ‘सिंधुदुर्ग’ला वर रफार, अनुस्वार आणि वेलांटी, खाली दोन उकार. चौकट दोन्हीकडून कमी पडते. फॉन्टचे असेंट आणि डिसेंट (अक्षरं ज्या बेसलाइनवर बसतात तिच्या वरची आणि खालची उंची) घेऊन बेरीज केली तर बहुतेक वेळा भागतं, पण सगळे फॉन्ट आपल्याच असेंटमध्ये राहत नाहीत. ‘कीर्तीं’सारख्या शब्दात दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर येतात. म्हणून दोन्ही मोजायचं ठरलं: फॉन्टचा असेंट, आणि त्या ओळीच्या खऱ्या मजकुराची चौकट. जे मोठं ते घ्यायचं. ओळ काढताना अँकर (मजकूर जिथून मांडायचा तो बिंदू) ‘एलएस’, म्हणजे डावीकडचा, बेसलाइनवरचा बिंदू. पिलोचा डीफॉल्ट अँकर असेंटपासून मोजतो, त्यामुळे एकाच ओळीत दोन फॉन्ट आले की ओळ खालीवर होते.

रुंदीची चूक याहून सोपी. कोड एकेका अक्षराची रुंदी मोजून बेरीज करत होता. ‘क्ष’ ही एक आकृती आहे. क, हलंत आणि ष यांच्या रुंदीची बेरीज तिच्यापेक्षा जास्त भरते. मराठी ओळ खरीपेक्षा लांब समजली जायची आणि म्हणूनच डावीकडे सरकायची. उपाय एवढाच की पूर्ण ओळ एकदम पिलोच्या ‘गेटलेंथ’ला द्यायची. ते एका पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागापर्यंत मोजतं.

ओळ तोडण्याची चूक मात्र चिवट निघाली. नियम असा केला: आधी फक्त जागा सोडलेल्या ठिकाणी तोडायचं. एखादा शब्दच चौकटीपेक्षा लांब असेल तरच तो आतून तोडायचा, आणि तोही अक्षराच्या हद्दीवर. ही हद्द ठरवायला युनिकोडच्या ग्राफीम क्लस्टरचा (एक अक्षर मानायच्या चिन्हगटाचा) नियम वापरतात. तेव्हाच्या नियमात मात्र ‘क्ष’चे ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन क्लस्टर होत होते. हलंतापुढे व्यंजन आलं तर तोडायचं नाही, मध्ये जॉइनर असला तरी नाही, असा जादा नियम आम्हाला लिहावा लागला. पुढे सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ने जीबी९सी हा नियम आणून हेच अधिकृत केलं. आज नवीन काही लिहीत असाल तर तुमच्या हाताशी असलेली लायब्ररी १५.१ किंवा पुढचा डेटा वापरते का, तेवढं तपासा. आयसीयू या युनिकोड लायब्ररीत ७४पासून पुढे तो असतो.

लेबलांसाठी चौथीही गोष्ट लागली, ती लायब्ररीत न घालता आमच्या स्क्रिप्टमध्येच ठेवली. चित्र एक-बिट, म्हणजे निव्वळ काळं-पांढरं, करताना पिलो आपण होऊन फ्लॉइड-स्टाइनबर्ग डिदरिंग करतं, म्हणजे करड्याच्या जागी काळे-पांढरे ठिपके विखुरतं. १८ पिक्सेलच्या अक्षरात रफाराची रेघ आधीच बारीक, डिदरिंगमध्ये तिचे तुटक ठिपके होतात. डिदर बंद करून उंबरठा (किती गडद करडा काळा धरायचा) स्वतः ठरवा, किंवा फॉन्टमोड ‘१’ ठेवून सुरुवातीपासूनच करडा रंग येऊ देऊ नका. सगळं लायब्ररीत कोंबायचा मोह होतो; लायब्ररी वापरणाऱ्या बाकीच्यांचा प्रिंटर आपला नसतो.

पुल रिक्वेस्ट आणि कागदपत्रं

कागदपत्रं म्हणावीत असं तीन ठिकाणी लागलं. पहिलं, नोकरी करत असाल तर करारात ‘नोकरीच्या काळात लिहिलेला कोड कंपनीचा’ असं कलम आहे का बघा. असेल तर परवानगीची एक ईमेल घेऊन ठेवा, तोंडी होकार पुरत नाही. दुसरं, या प्रकल्पात डीसीओ (हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं लेखी सांगणं) होतं: प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ. ‘गिट कमिट’ला ‘एस’चा पर्याय दिला की ती आपोआप येते, पण तिच्यातली ईमेल कमिटच्या लेखकाच्या ईमेलशी जुळली नाही तर तपासणी लाल होते. स्किया या ग्राफिक्स लायब्ररीसारख्या गुगलच्या प्रकल्पांत याऐवजी सीएलए या योगदानाच्या करारावर एकदा सही करावी लागते. तिसरं, ईमेल. कमिटमधला पत्ता कायमचा सार्वजनिक होतो, नंतर पुसता येत नाही. नको असेल तर गिटहबचा ‘नो-रिप्लाय’ पत्ता पहिल्या कमिटआधीच लावा.

पुल रिक्वेस्ट टाकल्यावर चाचण्या लगेच सुरू होत नाहीत. प्रकल्पात पहिल्यांदाच आलेल्या माणसाच्या चाचण्या सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी मंजुरी दिल्यावरच चालतात. हे दिसलं की काहीतरी बिघडलं असं समजू नका. भारतातली दुपार म्हणजे युरोपात सकाळ आणि अमेरिकेत रात्र; संध्याकाळी टाकलेल्या प्रश्नाला सकाळी उत्तर, हीच तिथली गती.

मंजुरी मिळाली आणि चाचण्या पडल्या. विंडोजवरची पडली ती फ्रिबिडी नव्हतं म्हणून. मराठीची चाचणी रक्म नसेल तिथे वगळायची, असं चाचणीतच लिहावं लागतं. लिनक्सवरची पडली त्याचं कारण समजायला वेळ लागला. नमुन्याचं चित्र काढलं होतं उबुंटूच्या पॅकेजमधल्या पिलोने, जे सिस्टीमचं फ्रीटाइप वापरतं. चाचणी चालली पायपीआयच्या व्हीलवर, ज्यात फ्रीटाइप आतच बांधलेलं असतं, वेगळ्या आवृत्तीचं. आकार तोच, जागा तीच, फक्त अक्षरांच्या कडांवरचा करडा रंग थोडा वेगळा. डोळ्याला दिसत नाही, पिक्सेलला पिक्सेल ताडणाऱ्या चाचणीला दिसतो.

पिलोच्या चाचण्यांतही म्हणूनच ‘तंतोतंत सारखं’ आणि ‘जवळपास सारखं’ अशा दोन वेगळ्या तुलना आहेत. दुसरीत किती फरक चालेल तो आकडा द्यायचा असतो. आकडा सैल ठेवला तर रफार गायब झाला तरी चाचणी हिरवी राहते, कारण ४०० बाय २००च्या चित्रात रफाराचे ठिपके असून असून किती असणार? आम्ही काम वाटून दिलं. आकृत्या बरोबर निवडल्या का, हे चित्राविना तपासायचं: हार्फबझकडून आकृत्यांची नावं घेऊन यादी ताडायची. चौकट पुरेशी आहे का, हे चित्राच्या कडेच्या एका पिक्सेलच्या पट्टीत शाई आहे का एवढं बघून तपासायचं. शाई असेल तर काहीतरी कापलं गेलंय. पूर्ण चित्राची तुलना एकाच ठिकाणी ठेवली, तीही शब्दापुरतं कापलेल्या छोट्या चित्रावर. त्या पट्टीच्या चाचणीने नंतर बंगालीतली एक चूकही पकडली. माझ्या मते पूर्ण पॅचमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच, आणि ती सहा ओळींची आहे.

तपासणीत आलेले शेरे बहुतेक नावांबद्दल आणि बदलनोंदीबद्दल होते. एक प्रश्न महत्त्वाचा होता: ‘यामुळे पिलोची किमान आवृत्ती वाढते का?’ वाढत होती. ‘गेटबीबॉक्स’ (मजकुराची चौकट मोजणारं फंक्शन) आणि अँकर दोन्ही ८.०.० पासूनचे. उलट बाजूने आमच्या कोडमधलं जुनं ‘गेटसाइझ’ पिलोने १ जुलै २०२२च्या ९.२.०मध्ये कालबाह्य ठरवलं होतं, त्यामुळे बदल तसाही करावाच लागणार होता. हे दोन्ही आकडे दाखवल्यावर वाद राहिला नाही. सुधारणा करून पुन्हा पाठवताना गिटचा ‘फोर्स-विथ-लीज’ हा पर्याय वापरा. साध्या फोर्सने तपासणाऱ्याने तुमच्या शाखेत केलेला बदल उडू शकतो.

दिवाळीच्या आसपास तिन्ही पॅच आत गेले.

जबाबदारी अंगावर येते तेव्हा

१ जुलै २०२३ला पिलो १०.०.० आलं. ‘गेटसाइझ’, ‘टेक्स्टसाइझ’ आणि ‘अँटिअलायस’ हे स्थिरांकाचं नाव, तिन्ही गेले. आमच्या लायब्ररीच्या एका कोपऱ्यात, आम्ही हात न लावलेल्या भागात, ‘टेक्स्टसाइझ’ उरलं होतं. तक्रारींचा पूर आला. तात्पुरता उपाय म्हणून अवलंबनात (लायब्ररीला लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) ‘पिलो १०पेक्षा खालचं’ अशी अट घालून रिलीझ काढलं गेलं. दिवस ढकलायला ठीक.

सप्टेंबरमध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लिबवेबपीमधली सीव्हीई-२०२३-४८६३ ही सुरक्षेची गंभीर चूक उघड झाली. पिलोच्या व्हीलमध्ये लिबवेबपी आतच असतं, म्हणून १५ सप्टेंबरला लिबवेबपी १.३.२ घेऊन पिलो १०.०.१ आलं. ९च्या मालिकेत दुरुस्ती आली नाही. आमची अट ‘१०पेक्षा खालचं’. म्हणजे आमची लायब्ररी वापरणारा प्रत्येक जण आमच्यामुळे जुन्या, भोक पडलेल्या पिलोवर अडकलेला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: लायब्ररीने अवलंबनाला वरची मर्यादा घालू नये. ॲप्लिकेशनने घालावी, त्याला लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) असते. लायब्ररीने किमान आवृत्ती सांगावी आणि कालबाह्यतेच्या सूचना चाचणीत एरर मानाव्यात. पायटेस्ट या चाचणीच्या साधनात हे एका ओळीच्या सेटिंगने होतं, आणि मग मोडायच्या वर्षभर आधी कळतं.

उरलेला कोपरा दुरुस्त करून, अट काढून रिलीझ करायचं होतं आणि मूळ सांभाळणाऱ्यांना वेळ नव्हता. मला हक्क मिळाले ते अशा गडबडीत. समारंभ काही नसतो, एक ईमेल येते.

पायपीआयवर दोन पदं असतात. ‘मेंटेनर’ रिलीझ चढवू शकतो. ‘ओनर’ माणसं जोडू-काढू शकतो आणि प्रकल्प पुसूही शकतो. सुरुवातीला मेंटेनरच मागा. दोन टप्प्यांचं लॉगिन २०२३अखेर सगळ्यांना सक्तीचं झालं. त्याआधी रिकव्हरी कोड घ्यावे लागतात. ते फोनमध्येच ठेवण्यात अर्थ नाही, कारण गरज पडते ती फोन पाण्यात गेल्यावरच. कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. रिलीझसाठी एपीआय टोकन (पासवर्डसारखी किल्ली) साठवण्याऐवजी ट्रस्टेड पब्लिशिंग लावा: गिटहबवर आपोआप चालणारी कृती स्वतःची ओळख देते आणि थोड्या वेळापुरता परवाना मिळवते, चोरीला जाईल असं काही साठवलेलं नसतं.

आधी टेस्टपायपीआय या सरावाच्या भांडारात चढवून, नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये उतरवून, ‘सिंधुदुर्ग’ छापून बघायचं. खऱ्या पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलनाव, फाइल पुसली तरी पुन्हा वापरता येत नाही. फॉन्टची फाइल पॅकेजमध्ये यायची राहिली, तर पुढचा आकडा घेऊनच पुन्हा रिलीझ करावं लागतं. मोडकं रिलीझ पुसू नका, ‘यँक’ करा. नेमकी तीच आवृत्ती मागणाऱ्याला ती मिळत राहते, नव्याने घेणाऱ्याला मिळत नाही.

रोजचं काम

सांभाळणं म्हणजे बहुतांश तक्रारी वाचणं. ‘मराठी तुटतंय’ या तक्रारींत पहिलं कारण विंडोजवर फ्रिबिडी नसणं. दुसरं, मजकूर युनिकोड नसणं: कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे मुळात रोमन अक्षरांचे कोड, त्याला आधी कन्व्हर्टर लागतो. तिसरं, फॉन्टमध्ये ते जोडाक्षरच नसणं. तक्रारीच्या साच्यात पिलोचा रिपोर्ट, फॉन्टच्या फाइलचं नाव आणि टाइप केलेला मजकूर सक्तीचा केल्यावर निम्म्या तक्रारी लिहिणाऱ्यानेच सोडवल्या असाव्यात. साचा अर्धा भरून सोडून दिल्याचे निरोप तरी तसे सांगतात. हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या लांबलचक तक्रारी येतात. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो: चालणारी छोटी स्क्रिप्ट द्या. बहुतेक तिथेच थांबतात.

‘नाही’ म्हणायलाही शिकावं लागतं. ईमोजी, उभा मजकूर, वक्ररेषेवरचा मजकूर, सगळ्यांच्या मागण्या येतात. कोड देणारा देऊन जातो, पुढची पाच वर्षं तो सांभाळायचा आपण. ‘तुमच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा, आम्ही दुवा देतो’ हे उत्तर सौम्यही आहे आणि खरंही.

जोडीदार सांभाळणारा हवाच, पण मार्च २०२४मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल लहान करणाऱ्या साधनातला बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) उघड झाल्यापासून हात आखडता घ्यावा लागतो. तिथे एकाने दीर्घकाळ चांगले पॅच देऊन विश्वास मिळवला होता, आणि थकलेल्या सांभाळणाऱ्यावर ‘हक्क दुसऱ्याला द्या’ असा दबाव आणणारे निरोप आले होते. म्हणून आमच्याकडे आता मुख्य शाखेत कुणालाही थेट लिहिता येत नाही, मलाही नाही. रिलीझच्या कृतीला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. चाचणीसाठी कुणी बायनरी फाइल दिली, फॉन्टचा तुकडा असो की चित्र, तर ती कशी बनवली याची कमांड सोबत हवी, आणि तीच कमांड चालवून आम्ही ती पुन्हा बनवून बघतो.

वर्षाचं वेळापत्रक पिलो आणि पायथनच्या मागे चालतं. पिलोची रिलीझ तिमाही असतात: २ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १५ ऑक्टोबर. पायथनची एकेक जुनी आवृत्ती दर ऑक्टोबरमध्ये निवृत्त होते. त्यानुसार १५ ऑक्टोबर २०२४च्या पिलो ११ने पायथन ३.८ सोडलं आणि २०२५च्या १२ने ३.९. या तारखांच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवला की पुढचे तीन महिने बरे जातात. पायथन ३.१०ची मुदत ऑक्टोबर २०२६ला संपते. ते काढायची शाखा गणपतीनंतर उघडायची आहे, आणि विंडोजवर फ्रिबिडी कसं बसवायचं याचं मराठी पान त्याच्या आधी पूर्ण व्हायला हवं. त्यासाठी विंडोजवर करून बघणारा कुणीतरी हवा आहे, कोड येत नसला तरी चालेल.